फ्रीवेखालचे दोन सिग्नल आणि रांगेची जागा

टेक्सासमधील एका सल्लागार कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या मराठी अभियंत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रीवेच्या (जलदगती महामार्गाच्या) पुलाखाली डायमंड पद्धतीचा इंटरचेंज आहे, म्हणजे फ्रीवे आणि शहरी रस्ता जिथे जोडले जातात तिथे पुलाच्या दोन्ही अंगांना एकेक सिग्नल आहे. दोन्ही बाजूंच्या सिग्नलांच्या थांबारेषांमध्ये सुमारे ३०० फूट अंतर आहे. पुलाखालून जाणाऱ्या शहरी रस्त्यावरील सगळे सिग्नल १३० सेकंदांच्या आवर्तनावर (सगळ्या दिशांच्या एका पूर्ण फेरीवर) जुळवलेले असून हे दोन सिग्नलही त्याच माळेत ओवले आहेत. संगणकावर ग्रीन वेव्ह, म्हणजे ओळीने हिरवे मिळत जाणारे सिग्नल, उत्तम दिसते, तरीही संध्याकाळी फ्रीवेवरून उतरणाऱ्या रॅम्पवरील (जोडरस्त्यावरील) रांग थेट फ्रीवेच्या लेनपर्यंत पोहोचते. रॅम्पला ३८ सेकंद ग्रीन देऊनही हे का होते, आणि दुरुस्ती कुठून सुरू करावी?

उत्तर देण्यापूर्वी महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा करतो. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरच्या वाहतुकीला छेदणारे अवघड वळण तिकडे डावे असते. टेक्सासात फ्रीवेच्या दोन्ही अंगांना फ्रंटेज रोड असतात. ते आपल्या सर्व्हिस रोडसारखेच, पण एकेरी असतात. रॅम्प बहुधा या फ्रंटेज रोडवर उतरतो आणि फ्रंटेज रोड पुलाच्या कडेला सिग्नलपाशी येतो. म्हणून पुढे मी 'रॅम्प' म्हणतो तेव्हा फ्रंटेज रोडवरून सिग्नलला येणारी ती वाहतूक अभिप्रेत आहे.

तुमच्या वर्णनात सर्वांत महत्त्वाचा आकडा १३० नाही, ३८ही नाही. तो ३०० आहे. रांग तर लागणारच. संध्याकाळी साडेपाचला ती नाहीशी करण्याची ताकद कोणत्याही सिग्नलमध्ये नसते. ती कुठे उभी राहील एवढेच आपल्या हाती असते. इंटरचेंजवर रांग उभी करण्यासाठी सर्वांत अपुरी जागा पुलाखाली, दोन सिग्नलांच्या मध्ये असते, आणि रांग जाऊ नये अशी सर्वांत धोक्याची जागा फ्रीवेवर असते. म्हणून जुळवणीची सुरुवात पुलाखालून करून तिथून बाहेर यावे लागते. शहरी रस्त्याचे आवर्तन आधी ठरवून ते इंटरचेंजवर लादले की जे होते ते तुम्ही रोज पाहत आहात.

आता हिशेब करू. थांबारेषांमधल्या ३०० फुटांतून चौकाची रुंदी वजा केली की गाड्या उभ्या करण्यासाठी साधारण २५० फूट उरतात. रांगेतल्या एका मोटारीला, पुढच्या मोकळ्या अंतरासह, २५ फूट धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे एका लेनमध्ये १० गाड्या. सिग्नल हिरवा झाल्यावर पहिल्या गाड्या हलण्यात सुमारे २ सेकंद जातात आणि त्यानंतर दर २ सेकंदांना एक गाडी रेषा ओलांडते. म्हणजे १० गाड्या आत यायला सुमारे २२ सेकंद पुरतात. तुमच्याकडे, वर्णनावरून दिसते त्याप्रमाणे, दोन्ही बाजूंच्या रॅम्पना एकाच वेळी ग्रीन मिळतो. त्यामुळे या रॅम्पवरून डावीकडे वळलेल्या गाड्यांना पुढचा सिग्नल लाल भेटतो आणि त्या पुलाखाली साठतात. बाविसाव्या सेकंदाला मधली जागा भरते. उरलेले १६ सेकंद रॅम्पच्या डोक्यावर हिरवा दिवा असतो आणि त्याखालच्या गाड्या जागच्या हलत नाहीत. कागदावर ३८ सेकंदांत प्रत्येक लेनमधून १८ गाड्या निघतात, प्रत्यक्षात १०. तासाला १३० सेकंदांची सुमारे २७ ते २८ आवर्तने होतात, म्हणजे कागदावर एका लेनमधून तासाला जवळपास ५०० गाड्या आणि जमिनीवर पावणेतीनशेच्या आसपास. ही तफावत फ्रीवेकडे सरकत जाते. रॅम्पला ३८ ऐवजी ४५ सेकंद दिलेत तरी एकही गाडी जास्त निघणार नाही, कारण अडचण वेळेची नसून जागेची आहे.

हे पडद्यावर का दिसत नाही, हे मला ह्यूस्टनजवळच्या एका डायमंडवर उभे राहिल्यावर समजले. काळ-अंतराच्या आलेखावर, म्हणजे कोणता सिग्नल कधी हिरवा हे दाखवणाऱ्या चित्रावर, हिरवा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जात होता आणि तो आलेख मीच अभिमानाने काढलेला होता. संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी पुलाखालच्या फुटपाथवर स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो, तर पहिल्याच आवर्तनात एक अठरा चाकी ट्रेलर आत येऊन थांबला. त्याची लांबी सुमारे ७० फूट, म्हणजे दहा गाड्यांच्या जागेतल्या तीन गाड्या एकट्याने खाल्ल्या. त्याच्यामागे आलेल्या दोन मोटारींना डाव्या वळणाच्या लेनमध्ये जागा उरली नाही, म्हणून त्या सरळ जाणाऱ्या लेनमध्ये शेपूट काढून तिरक्या उभ्या राहिल्या. बस्स, त्या क्षणी माझा हिरवा पट्टा संपला. सरळ जाणाऱ्यांना ग्रीन होता, पण वाट नव्हती. नेहमीची आकडेमोड प्रत्येक सिग्नलची क्षमता स्वतंत्र मानते. पुढची रांग मागच्या सिग्नलच्या तोंडात येऊन बसते, ही गोष्ट तिच्यात धरावी लागते, ती आपोआप येत नाही.

तुमच्या अंतरासाठी पहिला उपाय म्हणजे दोन्ही टोके एकाच कंट्रोलरवर (सिग्नल चालवणाऱ्या यंत्रावर) घेऊन चार फेजचा, म्हणजे चार पाळ्यांचा, क्रम लावणे. टेक्सासात ही जुनी रीत आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने हा क्रम रूढ केला आणि डायमंडची वेळ काढण्यासाठी पॅसर-३ नावाचा स्वतंत्र संगणक-कार्यक्रमही तिथेच तयार झाला. कल्पना सोपी आहे. बाहेरून आत येणाऱ्या चार वाटा आहेत: शहरी रस्त्याच्या दोन आणि रॅम्पच्या दोन. त्यांना पाळीपाळीने सोडायचे आणि जो आत आला त्याला पुढचाही सिग्नल हिरवा मिळेल असे पाहायचे. त्यामुळे पुलाखाली जवळजवळ कोणी थांबत नाही. गावाकडे कालव्याचे पाणी आवर्तनाने सोडतात तेव्हा एका चारीचे पाणी वाहून गेल्याशिवाय पुढचे दार पूर्ण उघडत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. शेतकऱ्यांच्या तोंडचा 'आवर्तन' हा शब्द मी सिग्नलच्या सायकलसाठी वापरतो, तो काही उगाच नव्हे.

चार पाळ्या म्हटल्यावर वेळ वाया जाणार अशी शंका येते, पण इथे एक सुंदर युक्ती आहे. शहरी रस्त्यावर पश्चिमेच्या सिग्नलला थांबलेली गाडी हिरवा होताच निघाली, तर ३०० फूट ओलांडून पूर्वेच्या सिग्नलपाशी पोहोचायला तिला सुमारे ११ सेकंद लागतात. तोवर पूर्वेचा सिग्नल तिच्यासाठी हिरवा असण्याची गरजच नाही. म्हणून पूर्वेच्या रॅम्पचा ग्रीन संपत येत असतानाच पश्चिमेचा शहरी रस्ता सुरू करता येतो. प्रवासाच्या वेळेपेक्षा २ सेकंद कमी, म्हणजे ९ सेकंदांची ही चोरी प्रत्येक बाजूला एकदा, अशी आवर्तनात दोनदा होते. ९० सेकंदांच्या आवर्तनात तुम्हाला चार फेजांमध्ये वाटायला ९० नव्हे, १०८ सेकंद मिळतात. शहरी रस्त्याला दोन्हीकडून २८ आणि दोन्ही रॅम्पना २६ दिले की बेरीज पुरी होते. पिवळा आणि सर्वत्र लाल यांचे मिळून ५ सेकंद वजा करता रॅम्पला २१ सेकंद खरा ग्रीन उरतो. त्यात प्रत्येक लेनमधून ९ ते १० गाड्या निघतात, आणि तासाला ४० आवर्तने होत असल्याने एका लेनमधून तासाला सुमारे ३८० गाड्या जातात. ३८ सेकंदांच्या ग्रीनमध्ये पावणेतीनशे आणि २१ सेकंदांच्या ग्रीनमध्ये ३८०, हे वरिष्ठांना पटवणे अवघड जाते. त्यांना एकदा पुलाखाली घेऊन जा.

याची किंमत शहरी रस्ता मोजतो. त्याला मिळणारा ग्रीन कमी होईल आणि इंटरचेंजच्या बाहेर त्याची रांग लांबेल. मला ही देवघेव मान्य आहे, कारण बाहेर सहसा हजारभर फुटांची मोकळी लांबी असते आणि तिथे उभ्या असलेल्या चालकाला आपण रांगेत आहोत हे दिसत असते. रॅम्पच्या रांगेचे तसे नाही. फ्रीवेवर ताशी ६५ मैल वेगाने येणाऱ्या चालकाला सुरक्षित थांबण्यासाठी आराखड्यात ६४५ फूट दृष्टिअंतर धरतात. वळणाआड किंवा चढाआड रांगेचे शेपूट असेल, तर एवढे अंतर त्याला मिळेलच असे नाही. शहरी रस्त्यावर दोन मिनिटे अधिक थांबावे लागणे ही तक्रार आहे. फ्रीवेवर उभ्या गाडीला मागून धडक बसणे हा अपघात आहे. या दोहोंना एकाच तराजूत घालणारे विलंबाचे सरासरी आकडे माझ्या मते इथे दिशाभूल करतात.

यासाठी रॅम्पच्या वरच्या अंगाला रांग ओळखणारा डिटेक्टर बसवावा. त्यावर गाडी काही सेकंद सलग उभी राहिली की कंट्रोलरने रॅम्पला जास्त वेळ द्यायचा. मात्र हा डिटेक्टर तुमच्या आजच्या तीन फेजच्या मांडणीवर, जिच्यात दोन्ही रॅम्प एकाच पाळीत सुटतात, बसवलात तर काहीही साधणार नाही. मधली जागा भरलेली असताना वाढवलेला ग्रीन वायाच जातो आणि शिवाय शहरी रस्त्याची जुळवणी मोडते. क्रम आधी बदलावा, डिटेक्टर नंतर. डिटेक्टर पुलाकडे फार खाली बसवला तर तो रोजच्या साध्या रांगेनेच पेटत राहतो आणि फार वर बसवला तर तो बोलेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून जागा ठरवताना संध्याकाळच्या रांगेचे शेपूट दोन-तीन दिवस प्रत्यक्ष पाहावे.

तीन फेजची मांडणी मुळात वाईट आहे असे समजू नये. दोन सिग्नलांमधील अंतर ४०० फुटांच्या पुढे गेले आणि रॅम्पवरून डावीकडे वळणारे थोडे असले, तर मधली जागा त्यांना सामावून घेते, आणि मग तीन फेजांची मांडणी शहरी रस्त्याच्या जुळवणीला अधिक सोयीची पडते. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी मांडणी लावणेही शक्य आहे. परंतु क्रम बदलताना डाव्या वळणांकडे लक्ष द्या. पुलाखालच्या मधल्या वाहतुकीचा पिवळा लागला तरी समोरून, बाहेरून येणाऱ्या वाहतुकीचा ग्रीन चालू राहू शकतो. चौकात फट शोधत थांबलेला चालक स्वतःचा पिवळा पाहून समोरचाही थांबणार असे समजतो आणि वळतो. या सापळ्यामुळे अपघात होतात. एक तर हिरव्या बाणाशिवाय डावे वळण देऊच नये, किंवा लुकलुकता पिवळा बाण (समोरच्यांना वाट देऊन वळा अशी खूण) वापरावा. २००९ च्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेपासून तो अमेरिकेत रीतसर मान्य आहे. पुलाचे खांब दृष्टीआड येत असतील तर मी पहिलाच पर्याय घेतो.

आता आवर्तनाचा पेच. शहरी रस्ता १३० वर आणि इंटरचेंज ९० वर असेल तर दोघांची गाठ प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी पडते, म्हणजे जुळवणी नाहीच. अर्धे आवर्तन, म्हणजे ६५ सेकंद, लावून पाहण्याचा मोह होतो आणि काही ठिकाणी ते छान चालते, पण पादचाऱ्यांचा हिशेब तिथे आडवा येतो. ४८ फूट रुंदीचा फ्रंटेज रोड ओलांडायला, सेकंदाला साडेतीन फूट या गृहीत चालीने, १४ सेकंद लागतात. त्याआधी चालण्याच्या खुणेचे ७ सेकंद, म्हणजे एकूण २१. चार फेजांच्या ६५ सेकंदांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तेवढेच येतात. म्हणून तुमच्या जागी मी इंटरचेंज आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक चौक मिळून ९० सेकंदांचा स्वतंत्र गट करीन आणि उरलेल्या शहरी रस्त्याला १३० वर राहू देईन. तोडायची जागा अशी निवडावी की जिथे दोन सिग्नलांमधले अंतर सर्वांत मोठे आहे. शहरी रस्ताच ओलांडणारा पादचारी ८४ फुटांसाठी ३१ सेकंद घेईल आणि तो रॅम्पच्या २६ सेकंदांत बसणार नाही. दिवसाकाठी दहा-बारा जण बटण दाबत असतील तर त्या आवर्तनापुरती जुळवणी मोडू द्यावी, दोन-तीन आवर्तनांत ती सावरते. जवळ शाळा किंवा बसथांबा असेल तर मात्र ती वेळ आराखड्यातच घालावी.

शेजारच्या चौकाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण निम्मी दुखणी तिथूनच येतात. समजा, इंटरचेंजच्या पुढे ६०० फुटांवर दुकानांचा एक चौक आहे. ताशी ३५ मैल वेगाने तिथे पोहोचायला १२ सेकंद लागतात, म्हणून पुस्तकी उत्तर असे की तो सिग्नल इंटरचेंजनंतर १२ सेकंदांनी हिरवा करावा. पण दुकानांतून निघालेल्या आणि आधीच्या आवर्तनातून उरलेल्या आठ गाड्या तिथे आधीच उभ्या असतील, तर त्यांना हलायला १८ सेकंद लागतात. १२ वजा १८ म्हणजे उणे ६. म्हणून पुढचा चौक इंटरचेंजच्या ६ सेकंद आधी हिरवा झाला पाहिजे. मागचा सिग्नल नंतर, पुढचा आधी, हा उलटा ऑफसेट (दोन सिग्नलांच्या ग्रीनमधले वेळेचे अंतर) नवख्यांना चूक वाटतो. गर्दीच्या वेळी तोच बरोबर असतो. त्या आठ गाड्या न हलल्यास मागून आलेला जथा त्यांच्यामागे थांबतो, आणि ६०० फुटांत एका लेनला २४ गाड्या धरल्या तर ती रांग पुन्हा पुलाखाली यायला फार वेळ लागत नाही.

फ्रीवेवर चढणाऱ्या बाजूला रॅम्प मीटर (फ्रीवेवर गाड्या मोजून सोडणारा सिग्नल) असेल तर हाच हिशेब उलट्या दिशेने करावा. एका लेनचा, दर ग्रीनला एक गाडी सोडणारा मीटर जास्तीत जास्त तासाला ९०० गाड्या सोडतो, म्हणजे चार सेकंदांना एक. शहरी रस्त्यावरचे डावे वळण मात्र दोन सेकंदांना एक गाडी आत ढकलते. ४० सेकंदांत २० गाड्या आल्या, १० गेल्या. उरलेल्या १० गाड्यांना २५० फूट लागतात. ती जागा रॅम्पवर नसेल तर रांग शहरी रस्त्यावर येते आणि मग शहराचे अभियंते मीटरला शिव्या देतात. मीटर काढून टाकणे हे उत्तर नव्हे. मिनेसोटात २००० साली विधिमंडळाच्या आग्रहावरून मिनीॲपोलिस-सेंट पॉल परिसरातले सुमारे ४३० मीटर काही आठवडे बंद ठेवून पाहिले. फ्रीवेवरची वाहतूक ९ टक्क्यांनी घटली, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. मात्र त्यानंतर मीटर पुन्हा सुरू करताना रॅम्पवर कोणी किती वेळ थांबावे यावर मर्यादा घातली गेली, आणि मला त्या प्रयोगातला हाच भाग अधिक शिकण्यासारखा वाटतो. फ्रीवे आणि शहरी रस्ते एकत्र चालवण्याचे मोठे प्रयोग २०१३ साली सॅन दिएगोच्या आंतरराज्य मार्ग १५ वर आणि डॅलसच्या यूएस ७५ वर सुरू झाले.

कोणीतरी तुम्हाला डायव्हर्जिंग डायमंड सुचवील. अमेरिकेतला पहिला जून २००९ मध्ये मिसुरीतील स्प्रिंगफिल्ड येथे सुरू झाला. त्यात पुलापाशी दोन्ही दिशा बाजू बदलतात, त्यामुळे डावे वळण कोणालाही छेदत नाही आणि सिग्नलला दोनच फेज पुरतात. रॅम्पसाठी तो फार चांगला आहे. पण जिथे बाजू बदलते तिथे दोन्ही दिशांना एकाच वेळी ग्रीन देता येत नाही, म्हणून शहरी रस्त्यावर दोन्ही दिशांची ग्रीन वेव्ह जमवणे कठीण जाते. शेजारचा चौक ६०० फुटांवर असेल तर मी दोनदा विचार करीन.

पुण्याच्या बाह्यवळण मार्गावर काम करणाऱ्यांनी यातले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. तिथे दुचाकी मोटारींच्या फटींतून पुढे येऊन रेषेवर थवा करतात, त्यामुळे '२५ फुटांत एक गाडी, २ सेकंदांना एक गाडी' हे दोन्ही आधार कोसळतात. मधली जागा मोजण्याची रीत तीच राहील, मोजायचे काय ते मात्र जागेवर उभे राहूनच ठरवावे लागेल.

शेवटी घड्याळाविषयी. शेजारचा चौक बहुधा दुसऱ्या कार्यालयाच्या ताब्यात असतो. कॅलिफोर्नियात तर रॅम्पच्या टोकाचे सिग्नल राज्याच्या वाहतूक विभागाकडे आणि पुढचा चौक शहराकडे, हे नेहमीचेच आहे. दोन कंट्रोलर तारेने जोडलेले नसतील तर त्यांची जुळवणी केवळ घड्याळांवर उभी असते. मी एका ठिकाणी तीन आठवडे ऑफसेट बदलत बसलो होतो आणि दोष इतकाच निघाला की शेजारच्या कंट्रोलरच्या कपाटातले घड्याळ ७ सेकंद मागे होते. ज्या हिशेबात उणे ६ सेकंदांना अर्थ आहे, तिथे ७ सेकंदांची चूक म्हणजे सगळेच वाया. नवीन आकडे भरण्याआधी दोन्ही कपाटे एकाच दिवशी उघडा, दोन्ही घड्याळे जीपीएसच्या वेळेशी ताडून पाहा, आणि आवर्तनाचा शून्य सेकंद दोन्हीकडे कोणत्या क्षणापासून मोजला जातो तेही विचारून घ्या. एकाकडे तो ग्रीनच्या सुरुवातीपासून आणि दुसऱ्याकडे पिवळ्याच्या सुरुवातीपासून मोजला जात असल्याचे मी पाहिले आहे.